सीएनसी, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सुतारकाम: नव्या माणसाला नेमके काय शिकवावे?

तिरपा_गुण्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लाकडी फर्निचर तयार करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत मी बरीच वर्षे काम करतो आहे. नुकताच एक तरुण मुलगा उमेदवारीसाठी आला असून पुढची तीस-पस्तीस वर्षे याच कामावर पोट भरायचे, असे त्याने ठरवले आहे. त्याला काय शिकवावे हे मला वाटले होते तितके सोपे नाही, म्हणून हा धागा काढला.

सुतारकाम म्हणून आपण जे एकत्र धरतो, त्यात प्रत्यक्षात सहा-सात निरनिराळी कामे आहेत आणि यंत्रांनी त्या सगळ्यांवर सारखाच हात टाकलेला नाही. जागेचे माप लेझर मीटर घेतो. कापणीची यादी आणि कमीत कमी तुकडे वाया जातील अशी मांडणी सॉफ्टवेअर काही सेकंदांत करून देते. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेले तक्ते) कापणे, त्यांना भोके पाडणे, कडांना पट्टी चिकटवणे ही कामे मोठ्या कारखान्यांत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रांमुळे आता जवळजवळ हात न लावता होतात. आता तर ग्राहक आपल्या मनातले कपाट चार वाक्यांत सांगतो आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्याचे चित्र काढून देते. राहता राहिले ते अस्सल लाकडाचे सांधे, जागेवरची बसवणी, पॉलिश आणि दुरुस्ती.

सुतार राहणार की जाणार, असल्या भाकितांत मला रस नाही. उद्याही लागतील अशी कौशल्ये कोणती आणि ती कोणत्या क्रमाने शिकवावीत, एवढेच मला विचारायचे आहे. हातकरवतीपासून सुरुवात करावी, की पहिल्याच महिन्यात त्याला संगणकासमोर बसवावे?

भुसभुशीत

जोपर्यंत गवंडी काटकोनात भिंत बांधत नाहीत, तोपर्यंत सुताराच्या पोटाला धक्का नाही. निश्चिंत असावे.

जुनी_पटाशी

भुसभुशीत यांचा विनोद बाजूला ठेवून थोडे मागे जाऊ या, कारण यंत्रे आली म्हणून सुतार घाबरल्याची ही पहिली वेळ नाही.

शिडाच्या जहाजांना दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागत आणि एका मोठ्या युद्धनौकेवर अशा सुमारे एक हजार कप्प्या असत. प्रत्येक कप्पी कुशल कारागीर हाताने घडवी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मार्क ब्रुनेल याने इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथील गोदीत कप्प्या तयार करणारी यंत्रमालिका उभी केली. ती यंत्रे हेन्री मॉड्सले याने घडवली होती. भोक पाडणे, खाच करणे, बाहेरचा आकार देणे अशा एकेका कामाला एकेक यंत्र होते आणि 1808 साली तेथे सुमारे 1,30,000 कप्प्या तयार झाल्या. पूर्वी 110 कुशल माणसे जे काम करत, ते 10 अकुशल माणसे करू लागली. कप्पी घडवणारा हा वेगळा कारागीर त्यानंतर हळूहळू नाहीसाच झाला.

त्याच गोदीत जहाजे बांधणारे सुतार मात्र टिकले, कारण जहाजाची प्रत्येक फासळी निराळ्या वळणाची असे. त्यांच्यावर गदा आली ती पुढे लोखंडी जहाजांमुळे. कापणाऱ्या यंत्रापेक्षा साहित्यच बदलले की धंदा मुळापासून हलतो, हे मला या इतिहासात दिसते. आपल्याकडे तो बदल प्लायवूड आणि एमडीएफने आधीच घडवला आहे. एमडीएफला ना तंतूंची दिशा, ना गाठ. यंत्राला हवे तसे लाकूड माणसाने आधी तयार केले आणि मग ते यंत्राच्या हवाली केले.

अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड याने 1819 च्या सुमारास बंदुकीचा वाकडातिकडा दस्ता नमुन्यावरून जसाच्या तसा कोरणारे लेथ केले, तेव्हाही अनियमित आकार यंत्राला जमणार नाहीत, हा समज मोडीत निघाला होता. त्यामुळे “हे यंत्राला कधीच जमणार नाही” अशी यादी करून त्या यादीवर त्या मुलाचे आयुष्य बेतू नये.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाला थोडी आकड्यांची जोड देतो.

ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी 2013 मध्ये 702 व्यवसायांचा अंदाज मांडला होता आणि अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्यांना संगणकीकरणाचा मोठा धोका असल्याचे म्हटले होते. त्यात बांधकामावरच्या सुतारांचा धोका (0 ते 1 या मापावर) 0.72 आणि कपाटे-फर्निचर करणाऱ्या कारागिरांचा 0.92 असा धरला होता. हा आकडा धंदा कधी बुडेल हे सांगत नव्हता. त्या कामाचे भाग तंत्रज्ञानाने करता येण्याजोगे आहेत का, एवढाच अंदाज त्यात होता. तरीही दोन आकड्यांमधला फरक मला योग्य दिशेचा वाटतो, कारण कार्यशाळेतल्या टेबलावर एकसारखे होणारे काम आधी जाते आणि जागेवर जाऊन करायचे काम उशिरा.

प्रत्यक्षात काय घडले, यासाठी जपानकडे पाहावे. खांब-तुळयांच्या लाकडी घरांचे सांधे तेथे पूर्वी सुतार स्वतः आखून हाताने कापत असे. आता अशा नव्या घरांपैकी 90 टक्क्यांहून अधिक घरांचे लाकूड कारखान्यात संगणकाच्या आधारे कापून येते आणि सुतार ते जागेवर उभे करतो. जनगणनेनुसार 1980 साली तेथे सुमारे 9,37,000 सुतार होते, ते 2020 साली सुमारे 2,98,000 उरले.

ओलसर_साग

आकडेमोड, ही घट यंत्रामुळे झाली असे म्हणता येईल का? नव्या घरांची संख्या घटली, म्हातारे कारागीर निवृत्त झाले आणि तरुण या कामाकडे वळलेच नाहीत, ही कारणेही तेथे आहेत.

आकडेमोड

रास्त शंका आहे. तिन्ही कारणे एकात एक गुंतलेली आहेत आणि माणसे मिळेनाशी झाली म्हणून कारखान्यात कापलेले लाकूड आणखी पसरले, असेही म्हणता येते. यंत्राने माणसाला हाकलले आणि माणूस नाही म्हणून यंत्र आले, या दोन गोष्टी एकाच आकड्यात दडलेल्या असतात.

ओलसर_साग

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते त्या मुलाला सर्वांत आधी लाकूड शिकवावे, हत्यारे नंतर.

लाकडातली ओल साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेली की ते आखडू लागते, पण सगळ्या दिशांना सारखे आखडत नाही. वर्षवलयांच्या कडेने होणारे आकुंचन हे गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते, तर लांबीत ते इतके किरकोळ असते की बहुतेक कामांत धरतही नाहीत. सपाट कापाची तीनशे मिलिमीटर रुंद ओकची फळी घेतली आणि तिच्यातली ओल चार टक्क्यांनी घटली, तर ती रुंदीत चार मिलिमीटरच्या आसपास आखडते. सीएनसी यंत्र हीच फळी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक कापून देते! त्या अचूकतेला अर्थ यायचा असेल, तर टेबलाची फळी पायांच्या चौकटीला घट्ट डकवायची नसते, तिला सरकायला लांबट भोक ठेवायचे असते आणि चौकटीतल्या दिल्ह्याला (मधल्या सैल फळीला) सरस लावायचा नसतो, हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. आराखड्यात हे नसेल, तर यंत्र चुकीचा आराखडाही तितक्याच अचूकपणे कापते आणि टेबल हिवाळ्यात तडकते.

कोडवाली

मी गेली काही वर्षे एका कारखान्यात सीएनसी राउटरचे (फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राचे) प्रोग्राम लिहिते आणि यंत्रही चालवते, त्यामुळे पलीकडच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

ओलसर_साग यांचे म्हणणे पटते, पण “यंत्राला लाकूड कळत नाही” हे वाक्य दहा वर्षांपूर्वी जितके खरे होते तितके आज राहिलेले नाही. मोठ्या लाकूड-गिरण्यांमध्ये आख्ख्या ओंडक्याचे सीटी स्कॅन होते, आतल्या गाठी करवत लागण्यापूर्वीच दिसतात आणि ओंडका कोणत्या अंगाने फिरवून कापला तर चांगल्या फळ्या जास्त निघतील हे संगणक ठरवतो. कापलेल्या फळीवरून कॅमेरा फिरतो, गाठ, भेग आणि डाग ओळखतो आणि आडव्या कापाच्या खुणा ठरवून देतो. फळ्यांची प्रतवारी करणाऱ्या माणसाचा डोळा हे मोठे कौशल्य होते आणि ते यंत्राकडे वेगाने चालले आहे. अमेरिकेतल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने तर लाकडाच्या आडव्या छेदाचे छायाचित्र पाहून जात ओळखणारे झायलोट्रॉन नावाचे उपकरण विकसित केले आहे. आपल्यातले किती जण नुसते पाहून दहा जातींची लाकडे खात्रीने ओळखतील, हे प्रत्येकाने स्वतःशीच विचारावे.

यंत्र जेथे अडते ती जागाही सांगते. राउटरचे पाते गोल फिरते, त्यामुळे ते आतला कोपरा कधीच काटकोनात कापू शकत नाही. बारा मिलिमीटर व्यासाचे पाते असेल, तर कोपऱ्यात सहा मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरतेच. मग तीन वाटा असतात. कुसवाच्या (खाचेत बसणाऱ्या टोकाच्या) कडा गोल करायच्या, किंवा कोपऱ्यात पात्याने थोडे आत शिरून कुत्र्याच्या हाडासारखा आकार ठेवायचा, किंवा पटाशी घेऊन कोपरा हाताने चौकोनी करायचा. आमच्याकडे दिसणाऱ्या जागी तिसरीच वाट धरतात. एवढ्या मोठ्या यंत्राशेजारी पटाशी घेऊन बसलेला माणूस पाहुण्यांना गमतीदार वाटतो, परंतु तंतूंची दिशा पाहून, कडेपासून किंचित आत राहून, आधी आडवे आणि मग उभे कापावे लागते आणि ज्याचा हात बसलेला नाही तो महागाच्या फळीची कपची उडवतो.

शिवाय यंत्र चालवणे म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हे. पाते बोथट झाले की आवाज बदलतो, भुशाऐवजी पीठ पडू लागते, कडेला करपल्याचा वास येतो. हे सगळे मला ज्यांनी शिकवले ते आधी हाताने काम करणारे मिस्त्री होते.

खणखणीत

कोडवालीताई, आपल्या शेवटच्या वाक्यातच धाग्याचे उत्तर आहे, असे मला वाटते. हाताने काम केलेला मिस्त्री उद्या उरला नाही, तर पुढच्या ऑपरेटरला आवाजातला बदल कोण सांगणार?

कोडवाली

उपहास म्हणून घेऊ नये, पण त्याचे उत्तर सेन्सर असे आहे. पाते फिरवणाऱ्या मोटरचा भार आणि कंपने मोजून पात्याची झीज ओळखणाऱ्या प्रणाली आजही उपलब्ध आहेत. करपल्याचा वास येईपर्यंत थांबण्यापेक्षा ते बरेच बरे.

खणखणीत

बरे, तो मुद्दा मी सोडतो. पण बाजाराच्या बाजूने एक सांगावेसे वाटते. खणांचे डव्हटेल (पारव्याच्या पसरट शेपटीच्या आकाराचे) सांधे हाताने कापण्यात मी आयुष्य घालवले. यंत्राने कापलेला डव्हटेल आणि हाताने कापलेला डव्हटेल यांतला फरक मला दुरून कळतो, कारण हाताने कापलेल्या सांध्यात शेपट्यांमधली फट करवतीच्या पात्याइतकी बारीक ठेवता येते आणि राउटरचे पाते तितके बारीक नसते. दुर्दैव असे की, शंभरातल्या नव्वद ग्राहकांना हा फरक दिसत नाही, दाखवला तरी त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेसे वाटत नाहीत आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. सांधा दोन्हीकडे टिकतो.

म्हणून “हस्तकलेला नेहमीच मागणी राहील” हे वाक्य मला फार सैल वाटते. मागणी राहील, पण ती किती जणांना पोसेल? सगळेच कारागीर श्रीमंतांसाठी हाताने केलेल्या वस्तू करू लागले, तर तेवढे श्रीमंत आणायचे कुठून?

सालपट

मध्यंतरी एका ग्राहकाने कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेले टेबलाचे चित्र आणले. चित्र इतके सुरेख होते की मी आधी जरा वेळ नुसते पाहतच राहिलो. मग मोजायला बसलो. चार पायांपैकी एक पाय जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हता, मधल्या खणामागे त्याला आत सरकायला जागाच नव्हती आणि एका पायाचे तंतू उभे जाण्याऐवजी आडवे चालले होते, म्हणजे कोणी टेकून बसले असते तर तो पाय काडीसारखा मोडला असता. ग्राहकाला हे समजावले, तर त्यांनी शांतपणे विचारले की, “पण हे असेच करता येणार नाही का?”

करता येते, असे सांगितले. फक्त त्यावर काही ठेवायचे नाही.

भुसभुशीत

सालपट, तो चौथा पाय कदाचित पुढच्या आवृत्तीत येणार असेल.

उभी_रेघ

सालपट यांच्या अनुभवावर हसू आले तरी त्यावर फार विसंबून राहू नये. चित्र काढणारी प्रणाली आणि भार, सांधे व मापे यांचे गणित करणारी प्रणाली या आज दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या जोडल्या जात आहेत आणि जोडल्या गेल्या की पाय जमिनीला टेकेल.

आकाराच्या गुंतागुंतीबद्दलही तेच. श्टुटगार्ट विद्यापीठातल्या मंडळींनी 2019 साली जर्मनीतल्या हाइलब्रोन येथे एक लाकडी घुमटी उभारली. तिच्या 376 पेटीवजा तुकड्यांपैकी एकही दुसऱ्यासारखा नव्हता, त्यांच्या कडांना मिळून सुमारे 17,000 बोटसांधे (बोटांसारखे एकमेकांत गुंतणारे सांधे) होते आणि छताने 30 मीटरचा गाळा मधल्या खांबाविना पेलला होता. तुकडे यंत्रमानवांनी जोडले आणि कापले. जुनी_पटाशी यांच्या प्रतिसादात जहाजाचे सुतार टिकले, कारण प्रत्येक फासळी निराळी होती. आता निराळेपण यंत्राला जड जात नाही.

वाकस

उभी_रेघ, याच्या शेजारी पॅरिसचे नोत्र-दाम ठेवून पाहावे. 15 एप्रिल 2019 रोजी त्याचे ओकचे छत जळाले आणि डिसेंबर 2024 मध्ये ते चर्च पुन्हा उघडले. मुख्य सभामंडप आणि त्यापुढचा भाग यांवरचा सांगाडा सुतारांनी कुऱ्हाडीने ओंडके तासून, मध्ययुगीन पद्धतीने पुन्हा उभा केला. कुऱ्हाडीने तासताना ओंडक्याचे वळण आणि तंतू सांभाळले जातात, करवतीने सरळ कापताना ते तुटतात, त्यामुळे हा केवळ हौसेचा भाग नव्हता.

तरीही हे काम शक्य झाले त्यामागे आधुनिक मोजणीही आहे. रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या वास्तुविशारदांनी 2014 मध्ये त्या जुन्या सांगाड्याची बारकाईने मोजणी केली होती आणि लेझरने टिपलेली मापेही हाताशी होती. एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बिंदूंचा त्रिमितीय नकाशा, असे ते काम झाले. त्या मुलाला दोन्ही यायला हवे, असे मी म्हणेन.

खणखणीत

वाकस, असे चर्च रोज जळत नाही, ही अडचण आहे.

फळा_खडू

मी सुतारकाम शिकवण्यातून निवृत्त झालो आहे. येथवरचे सर्व प्रतिसाद वाचले. बहुतेकांनी “कोणते काम उरेल” याचा विचार केला आहे. माझी काळजी जराशी वेगळी आहे आणि ती धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाला अधिक चिकटून आहे.

कोणत्याही धंद्यात शिकाऊ माणसाला कामावर ठेवणे परवडते, कारण तो शिकत असतानाही काही ना काही उपयोगाचे काम करतो. सुतारकामात हे काम म्हणजे फळ्यांना रंधा मारणे, एकाच मापाचे पन्नास तुकडे कापणे, भोके पाडणे, कडा घासणे. हे काम कंटाळवाणे होते, पण मालकाला त्याची गरज होती आणि शिकणाऱ्याचा हात त्यातूनच तयार होत असे. पन्नास फळ्यांना रंधा मारला की एकावन्नाव्या फळीचे तंतू उलटे आहेत हे रंधा टेकवल्याबरोबर मनगटाला कळते, पातळ पापुद्रा सलग निघायचा थांबतो, पात्याखाली लाकूड खरवडल्याचा कर्कश आवाज येतो आणि माणूस न सांगता फळी उलटी फिरवतो. हे ज्ञान सांगून देता येत नाही.

यंत्रांनी नेमके हेच काम घेतले. वरच्या थरातले कठीण काम, म्हणजे वाकडी जागा, जुन्या वस्तूची दुरुस्ती, ग्राहकाशी बोलून आराखडा ठरवणे, हे अजून माणसाकडेच आहे. परंतु त्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी ज्या कामांतून जावे लागे, ती कामे आता मालकाला माणसाकडून करून घेणे परवडत नाही. मोठा कारागीर यंत्रामुळे आज बेकार होणार नाही. तो निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी बसण्याइतका तयार माणूस मात्र मिळणार नाही. आकडेमोड यांनी दिलेल्या आकड्यांत ही गोष्ट थेट दिसत नाही, कारण जो कधी कामावर आलाच नाही त्याची नोकरी गेली असे कोणी मोजत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने यात एक नवी भर घातली आहे. पूर्वी यंत्राने हाताचे प्राथमिक काम घेतले, तरी आखणीचे काम शिकाऊ माणसाकडे येई. कापणीची यादी करताना, सांध्याची खोली मोजताना त्याला पूर्ण वस्तू डोळ्यांसमोर उभी करावी लागे. आता तेही आयते मिळते.

गाठाळ

फळा_खडू सर, मुद्दा पटला, पण जुन्या उमेदवारीचे इतके कौतुक नको. मी त्या पद्धतीने शिकलो आहे. वर्षानुवर्षे भुसा झाडणे आणि मिस्त्रींचे बोलणे खाणे यालाच शिक्षण म्हटले जाई आणि डव्हटेलची आखणी कशी करतात हे विचारले तर “बघून शीक” असे उत्तर मिळे.

शिवाय शरीराचे काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. धूळ खेचून घेणाऱ्या बंद यंत्रात कापणी होत असेल आणि माणूस काचेपलीकडे उभा असेल, तर ती प्रगती आहे. गोल करवतीला बोट लागताच त्वचेतून जाणारा विद्युतसंकेत ओळखून सुमारे पाच मिलिसेकंदांत पाते थांबवणारी सॉस्टॉपसारखी यंत्रणा आली, तीही प्रगतीच. दहा बोटांनिशी निवृत्त होणे हीसुद्धा कारागिरीच आहे.

फळा_खडू

गाठाळ, कौतुक जुन्या वागणुकीचे नव्हे. “बघून शीक” म्हणणारे मीही पाहिले आहेत. माझे म्हणणे इतकेच की, जे शिक्षण पूर्वी कामाच्या ओघात आपोआप होई, ते आता कोणी तरी मुद्दाम, वेळ काढून आणि पदरमोड करून द्यावे लागेल. ते देणारा कोण, हे ठरलेले नाही.

भुसभुशीत

अवांतर: सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली दोन यंत्रमानवी हातांकडून आयकिया या फर्निचर कंपनीची सुट्या भागांची एक खुर्ची जोडून घेतली होती. हालचालींचे नियोजन 11 मिनिटे 21 सेकंद, भाग शोधणे 3 सेकंद आणि प्रत्यक्ष जोडणी 8 मिनिटे 55 सेकंद. माझ्या घरी भाग शोधण्यातच दुपार जाते आणि शेवटी एक स्क्रू उरतो, त्यामुळे माझी जागा यंत्राने केव्हाच घेतलेली आहे.

जुनी_पटाशी

भुसभुशीत, त्या आकड्यांत एक उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. सर्वाधिक वेळ हालचाल ठरवण्यात गेला. लाकडी खुंटी भोकात घालण्याचे काम दिसायला क्षुल्लक, पण ती किंचित तिरपी टेकली की बोटांना तात्काळ कळते आणि माणूस विचार न करता ती सावरतो. तेच यंत्राला बळ मोजणाऱ्या सेन्सरने, चाचपत करावे लागते.

सालपट

पण मग आपण सगळे आपापल्या कामाच्या चित्रफिती का टाकतो आहोत? हात कुठे धरायचा, पटाशी कशी टेकवायची, हे सारे तपशीलवार दाखवतो आणि त्यावरच उद्याची यंत्रे शिकणार. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो येथे शब्दशः लागू पडतो.

कोडवाली

सालपट, चित्रफितीत हात कुठे होता हे दिसते, पण किती जोर लावला होता आणि लाकडाने उलट किती जोर दिला हे दिसत नाही. म्हणून सध्या तरी आपल्या चित्रफितींतून यंत्रापेक्षा माणूसच जास्त शिकतो. बळ मोजणारे हातमोजे घालून काम करायला कोणी पैसे देऊ केले, तर मात्र करार नीट वाचून सही करावी.

तिरपा_गुण्या (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. फळा_खडू सरांच्या प्रतिसादाने माझा प्रश्न मलाच नीट कळला. त्यावरून एक क्रम मनात धरला आहे, तो येथे ठेवतो. हरकती जरूर घ्याव्यात.

सुरुवातीला पटाशी आणि रंध्याचे पाते पाजवायला शिकवीन, कारण बोथट हत्याराने लाकूड काहीच सांगत नाही. मग खडबडीत फळी हाताने चारही बाजूंनी काटकोनात आणायला लावीन आणि लगेच तसलीच फळी यंत्रावर करायला लावीन, म्हणजे यंत्र नेमके काय करते हे त्याला कळेल. ओल मोजायचे मीटर पहिल्या दिवसापासून हातात असेल आणि आलेल्या प्रत्येक फळीची ओल, रुंदी व वर्षवलयांची दिशा तो वहीत लिहील. सांधे हाताने कापून झाल्यावर तेच सांधे सीएनसीवर. जागेवरच्या बसवणीला मात्र आरंभापासून बरोबर नेईन. संगणकावरचा आराखडा दुसऱ्या वर्षी.

हाताने केलेल्या पहिल्या फळ्यांचा वेळ मला विकता येणार नाही, हे उघड आहे. तेवढा भार कार्यशाळेने उचलावा, असे भागीदाराशी बोलून ठरवले आहे. त्याने होकार दिला आहे, फार आनंदाने नव्हे.

ओलसर_साग

वहीची कल्पना उत्तम. त्यात फळी कार्यशाळेत किती दिवस पडून होती हेही लिहावे. तीच फळी तीन महिन्यांनी पुन्हा मोजायला लावावी.

कोडवाली

क्रम आवडला, पण संगणक दुसऱ्या वर्षावर टाकण्याला माझी हरकत आहे. त्रिमितीय आराखडा काढताना सांधा आतून कसा बसतो हे उलटसुलट फिरवून पाहता येते आणि कुसवाची लांबी चुकली तर फळी न बिघडवता ती चूक दिसते. त्याला तयार यादी देणारे सॉफ्टवेअर देऊ नये, हे मान्य. पण आराखडा स्वतः काढायला, प्रत्येक माप स्वतः घालायला आणि कापणीची यादी कागदावर हाताने करून मग संगणकाच्या यादीशी ताडून पाहायला पहिल्या तिमाहीतच लावावे. दोन याद्यांत फरक निघाला, तर कोणती बरोबर हे त्यानेच शोधावे.

तिरपा_गुण्या (धागाकर्ता)

याद्या ताडून पाहण्याचे पटले, ते पहिल्या तिमाहीत घेतो. आराखडा मात्र आधी कागदावर, एकास एक प्रमाणात, पेन्सिलीने. त्यावर मी ठाम आहे.

कोडवाली

पूर्ण मापाचे कपाट कागदावर काढायला कागद कुठून आणणार?

तिरपा_गुण्या (धागाकर्ता)

प्लायवूडच्या पाठकोऱ्या बाजूवर.